कोयना आणि दुसरी

माझ्या लेकीच्या बारशाच्या दिवशी सकाळी न्हाऊन बाहेर आले, तर वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून वरवंट्याला टोपडं घालत होत्या.

त्याआधी त्यांनी तो कोमट पाण्यानं धुतला होता. लसणाचा वास जाईना म्हणून बेसन लावून परत धुतला होता. मग टिपून, मांडीवर आडवा घेऊन त्याला झबलं चढवलं. टोपड्याचे बंद कुठं बांधायचे हा खरा प्रश्न होता, कारण वरवंट्याला हनुवटी नसते. वहिनींनी थोडा विचार केला आणि बंद मागं नेऊन गाठ मारली.

"एवढं नवं झबलं दगडाला?" मी म्हटलं.

"त्याचंबी बारसंच हाय की," त्या म्हणाल्या आणि जिथं कपाळ असायला हवं तिथं काजळाचा ठिपका लावला.

बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालायचा, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं, ही रीत माझ्या माहेरी परभणीलाही आहे. पण तिकडं वरवंटा एखाद्या जुन्या टॉवेलात गुंडाळला की झालं. वहिनींनी मात्र पिवळ्या वॉयलचे दोन जोड शिवले होते, एकाच कापडाचे, एकाच मापाचे. एक बाळाला आणि एक वरवंट्याला. बाळंतपणात माणसाला सगळंच थोडं विचित्र आणि थोडं गोड वाटत असतं. तसंच हेही वाटलं आणि मी केस वाळवायला गेले.

वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. सासऱ्यांचे, म्हणजे तात्यांचे, धाकटे भाऊ त्यांना वहिनी म्हणत. ते ऐकून मुलं वहिनी म्हणायला लागली, मुलांचं ऐकून शेजारीपाजारी, आणि मी लग्न होऊन आले तोवर त्या अख्ख्या पेठेच्या वहिनी झाल्या होत्या. गॅसची टाकी आणणारा वहिनी म्हणे, दवाखान्यातले डॉक्टरही वहिनी म्हणत. तात्या तेवढे म्हणत नसत. ते नुसतं "अगं" म्हणत. त्यांचं खरं नाव सुलोचना आहे हे मला आमच्या लग्नपत्रिकेत वाचून कळलं, आणि तेव्हाही आधी वाटलं की ही दुसरीच कुणी बाई असणार.

आमचं घर कराडला. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. गिरणी चालू असली की घराची फरशी बारीक थरथरते आणि कपाटातल्या कपबश्या किणकिणत राहतात. जन्मभर गिरणीच्या वर आवाज काढून बोलल्यामुळं इथली माणसं साधं मीठ मागतानासुद्धा ओरडतात. लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटायचं, ही मंडळी एकमेकांवर कायम चिडलेली असतात की काय. माझ्या लेकीला मात्र तो आवाज आणि ती थरथर पोटात असल्यापासून अंगवळणी पडली होती. गिरणी चालू असेतो ती गाढ झोपायची. बंद झाली की डोळे उघडून रडायला लागायची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिलाच कुणीतरी धरून उठवावं लागत होतं. मग माझं सगळं वहिनींनी केलं. तेल, शेक, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू. त्यांचे हात मोठे आणि खरबरीत होते, पण बाळाच्या टाळूवर तेल जिरवताना ते हात कुणा दुसऱ्याचे असावेत इतके हलके व्हायचे.

वहिनींची एक लकब इथंच सांगून टाकते. कराडात कृष्णा आणि कोयना अशा दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात. वहिनी कोयनेला कोयना म्हणत आणि कृष्णेला म्हणत "दुसरी". "कोयनेला यंदा पाणी बेताचंच हाय, पण दुसरी चांगली भरलीया." लग्नानंतर मला संगम दाखवायला नेलं तेव्हाही बोट करून म्हणाल्या होत्या, "ही कोयना, आन ती दुसरी." मला वाटलं, कराडच्या लोकांची बोलायची तऱ्हाच असेल. एकदा मी रिक्षावाल्याला "दुसऱ्या नदीच्या पुलावरून घ्या" म्हणाले, तर तो बराच वेळ आरशातून माझ्याकडं बघत होता.

तर, बारशाच्या आधी आमच्या घरात नावावरून भांडण लागलं होतं. वाईट त्यात कुणीच नव्हतं, म्हणूनच ते सुटत नव्हतं.

मला रेवा नाव हवं होतं. मुलगीच होणार असं मी का कोण जाणे धरून चालले होते, आणि पहिल्या महिन्यापासून तिच्याशी त्याच नावानं बोलत होते. जिना चढताना दम लागला की "थांब रेवा, टेकू जरा." चिंच खावीशी वाटली की "रेवा, हे तुझंच काम दिसतंय." ती जन्मली आणि नर्सनं माझ्या छातीशी दिली, तेव्हा मला तिचं नाव सुचलं वगैरे नाही. मी तिला ओळखलं फक्त. त्यामुळं हे नाव आता बदलायचं म्हणजे ओळख दाखवायची नाही, असं मला वाटत होतं.

तात्यांना नाव हवं होतं कृष्णाबाई. त्यांच्या आईचं. वडील लवकर गेल्यावर त्या बाईनं लोकांची दळणं जात्यावर दळून तीन पोरं वाढवली आणि पुढं थोरल्याला गिरणी काढून दिली. कुंदाताई, म्हणजे माझी नणंद, आणि माझा नवरा धैर्यशील, दोघांचेही जन्म आजीच्या हयातीतले. "जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला ठेवत न्हाईत," तात्या मला समजावून सांगत होते. "एका घरात एका नावाच्या दोघी नसत्यात. न्हाईतर कुंदीचंच ठेवलं असतं." मग आई जाताना त्यांनी तिला शब्द दिला होता, की यापुढं घरात पहिली पोरगी होईल ती कृष्णाबाई. घरात त्यानंतर पहिली पोरगी झाली ती माझी.

रेवा नाव ऐकून ते म्हणाले, "रेवा म्हणजे नर्मदा ना? दारात दोन-दोन नद्या असताना मध्य प्रदेशातली कशाला आणायची?"

मला हसूही आलं आणि रडूही.

धैर्यशीलनं मधला मार्ग काढून पाहिला. पाळण्यात कृष्णा ठेवू, बाहेर रेवा म्हणू. पुष्कळ घरांत असतात अशी दोन नावं. तात्यांनी आधी "कृष्णा न्हाई, कृष्णाबाई" अशी दुरुस्ती केली. मग खाली जाऊन गिरणी बंद करून आले. त्यांना हळू बोलायचं असलं की ते असं करत.

"पाळण्यात ठेवून काय करू?" ते म्हणाले. "नाव हाक मारायला असतं. माझ्या आईला हाक मारणारी सगळी माणसं गेली, मेघना. ह्या घरात ते नाव परत हाकेत आलं पाहिजे. एवढंच मागतोय मी."

गिरणी थांबल्यामुळं बाळ रडायला लागलं. मी तिला उचलून घेतलं. उत्तर द्यायला नको म्हणून मला ते बरंच वाटलं.

राहिल्या वहिनी. मला वाटलं होतं, त्या माझ्या बाजूनं बोलतील. बाळाला तेल लावता लावता मी विचारलं, की तुम्हाला कोणतं आवडतं. त्या बाळाच्या पायांची घडी घालून पोटाशी दाबत राहिल्या.

"मी काय बोलू त्यात," शेवटी म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंचं नाव हाय ते."

म्हणजे त्याही तिकडच्याच, असं मी धरलं. तोंड फिरवून उशीत रडले. वहिनींनी तेलकट हातांचं मनगट वापरून माझे डोळे पुसले आणि बाळंतिणीनं रडलं की डोळे अधू होतात, असं ओरडून सांगितलं. थोड्या वेळानं, बाळाला दुपट्यात गुंडाळताना, त्यांनी सहज म्हणून पाहिल्यासारखं म्हटलं, "रेवा." मग दाराकडं तोंड करून, जरा लांबवून, "रेवाऽऽ." आणि मान हलवली.

"लांबून हाक मारायला बरं हाय," त्या म्हणाल्या.

बाराव्या दिवशी कुंदाताई इस्लामपूरहून आल्या. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणून त्यांच्याशिवाय पान हलणार नव्हतं. त्या हायस्कूलमध्ये पीटीच्या शिक्षिका. जाड भिंगाचा चष्मा, आणि गिरणीवर वाढलेल्या घशाला वर मैदानाची सवय. त्या दारातून आत येऊन "कुठाय माझी भाची" म्हणाल्या तेव्हा खालच्या दुकानातल्या माणसानं वर मान करून पाहिलं. तात्यांनी त्यांना बाजूला घेतलं. कुजबुजले असावेत, कारण मला दोन खोल्या सोडून ऐकू आलं, "आईचंच नाव. ठरलंय." कुंदाताईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बांगड्या मागं सारल्या.

अशा दिवशी नवी आई खुर्चीत ओटी घेऊन बसलेली असते. तिच्याभोवती सगळं चालतं, पण तिला कुणी काही विचारत नाही. नऊवारीची घडी सारखी सुटत होती आणि मी मनातल्या मनात लेकीला म्हणत होते, लोक काहीही म्हणू देत, आपलं आपल्याला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर, ज्या नावानं आईनं चोरून हाक मारायची, ते नाव मला नको होतं.

बारशासाठी गिरणी सकाळपासून बंद ठेवली होती. घर इतकं शांत, की पेठेतल्या बायकांनाच चुकल्यासारखं होत होतं. माझी लेक तर कमालीची किरकिरली. पाळणा झेंडूनं मढवलेला होता, घुगऱ्यांचं पातेलं निघत होतं, आणि बाई टाहो फोडून रडत होती. बायकांनी वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवून घेतला. वहिनींनी तो पाळण्यात ठेवला. उशाशी, बाळाच्या जागीच, आणि वर दुपटं गळ्यापर्यंत ओढून दिलं. मग माझ्या मांडीवरून लेकीला उचललं.

"जरा थोपटून आणते. अशी रडत असताना कानात काय जाणार हाय तिच्या," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

थोड्या वेळात रडणं थांबलं. बायकांना वाटलं, बाळ आलं पाळण्यात. मलाही तसंच वाटलं. माझ्या आणि पाळण्याच्या मधे सगळ्या बायकांच्या पाठी होत्या आणि फटीतून पिवळं टोपडं तेवढं दिसत होतं. कुंदाताई पदर खोचून आल्या. वाकताना पडेल म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. मग पदर डोक्यावरून पुढं ओढून पाळण्यात डोकं घातलं.

त्या घटकाभर तशाच राहिल्या. बायकांनी रीतीप्रमाणं त्यांच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली. तारूकाकू तर, शेजारच्या, सत्तरी ओलांडलेल्या, वर्षाचा हिशेब चुकता केल्यासारख्या मारत होत्या. मी चष्मा घट्ट धरून डोळे मिटले.

"कृष्णाबाई," कुंदाताईंनी पाळण्यात सांगितलं. कानात सांगायचं म्हणून त्यांनी आवाज शक्य तितका लहान केला होता, तरी बाहेरच्या खोलीतल्या पुरुषांना नीट ऐकू गेलं. "कृष्णाबाई. कृष्णाबाई."

बाहेरून तात्यांचा गळा साफ केल्याचा आवाज आला. ते पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतःच वाटत सुटले. डोळे टोपीनं पुसत होते, पेढे देत होते, ज्याला दिला त्यालाच परत देत होते. धैर्यशीलनं दारातून माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

आणि स्वयंपाकघरात कुणीतरी शिंकलं.

अगदी बारीक शिंक. मग दुसरी. मग रडणं. सगळ्या माना तिकडं वळल्या. दारात वहिनी उभ्या होत्या, खांद्यावर पिवळं टोपडं घातलेली माझी लेक.

"झालं व्हय?" त्यांनी विचारलं.

कुंदाताईंनी पाळण्यातलं दुपटं बाजूला केलं. टोपड्याखालून काळाभोर दगड आणि त्याच्यावरचा काजळाचा ठिपका आमच्याकडं बघत होता.

मग तारूकाकूंना हसू फुटलं. त्यांच्यामागं सगळ्या बायका हसायला लागल्या, कुणी भिंतीला टेकल्या, कुणी पाळण्यालाच धरलं, आणि वरवंटा झुलायला लागला. मी हसत होते की रडत होते, आता आठवत नाही. घुगऱ्या सांडल्या हे आठवतं.

"आता काय करायचं गं बायांनो?" तारूकाकूंनी डोळे पुसत विचारलं. कुणीतरी म्हणालं, करायचं काय, बाळाला ठेवा पाळण्यात आणि परत सांगा तेच नाव.

"तेच कसं?" वहिनी म्हणाल्या. त्या शांत होत्या, बाळाला थोपटत होत्या. "पाळण्यात घालून झालं, कानात सांगून झालं, पेढंबी वाटून झालं. त्या नावाची एक आली की घरात. एका घरात एका नावाच्या दोघी नसत्यात, हेच म्हणतात. जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला ठेवत न्हाईत."

"अहो वहिनी, पण दगड तो," मागून एक बाई म्हणाली. "जिता कुठला?"

"मेला असं तरी कुठं म्हणता येतंय?" वहिनी म्हणाल्या. "रोज काम करतोय की."

पुन्हा हसू उसळलं, पण ते लवकर विरलं, कारण तात्या आत आले होते. बायकांनी वाट दिली. त्यांच्या एका हातात रिकामा पुडा होता. तो त्यांनी बाजूला ठेवला, पाळण्यात वाकले आणि वरवंटा उचलला. टोपडं मागं सरकलं. त्यांनी अंगठ्यानं दगडाची कड चाचपली. एका बाजूला तो हाताच्या तळव्याएवढा झिजलेला होता.

"हा आईचा," ते म्हणाले.

"त्यांचाच," वहिनी म्हणाल्या. "दुसरा कुठला हाय आपल्याकडं?"

तात्यांनी वरवंटा कोपराच्या खाचेत घेतला, बाळ घेतात तसा. एवढा जड दगड, पण दुसरा हात त्याच्या डोक्याखाली आपोआप गेला. मला त्यांच्याकडं बघवेना. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं की राहू द्या तात्या, हिचंच ठेवा कृष्णाबाई, मी म्हणेन. तेवढ्यात तेच बोलले.

"ठेवलं ते ठेवलं," ते म्हणाले. "पण मी हाकेसाठी मागितलं होतं. दगडाला हाक कोण मारणार?"

आता कुणीच हसत नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

वहिनींनी लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. तात्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. परत ओठ हलले. माझ्या शेजारी कुंदाताईंनी माझं मनगट गच्च धरलं. मला कळेना, ही एवढी मोठ्यानं बोलणारी बाई का अडते आहे.

"कृष्णाबाई," वहिनी म्हणाल्या.

त्या घरात इतक्या हळू आवाजात कुणाला बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. मग, एकदा निघालंच आहे म्हटल्यावर, नेहमीच्या आवाजात, दगडाच्या टोपड्याकडं बघत म्हणाल्या, "अगं ए कृष्णाबाई. चल ऊठ, चटणी वाटायची हाय."

तात्या मागं सरकून खुर्चीत बसले, वरवंटा मांडीवर तसाच.

"तू आईचं नाव घेतलंस," ते म्हणाले. "आजवर कधी घेतलं नव्हतंस."

आणि तेव्हा मला नदी कळली. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही. मोठ्यानं नाही, हळू नाही, मनातसुद्धा नाही. नाव घ्यावं लागेल म्हणून ह्या बाईनं अख्खा जन्म कराडात काढून दारच्या नदीचंही नाव घेतलं नव्हतं. कोयना आणि दुसरी. आणि आम्ही सगळे मिळून तिच्या नातीला तेच नाव देत होतो, दिवसभर जिला सांभाळायची, हाका मारायच्या, त्या नातीला. मी तिला विचारलंसुद्धा होतं, तुम्हाला कोणतं आवडतं. तिनं मला उत्तरही दिलं होतं. सासूबाईंचं नाव आहे ते. मीच ते ऐकलं नाही.

तात्या आधी खांद्यांनी हसायला लागले, मग पोटानं. दगड मांडीवर गदगदा हलत होता. "कुंदे," ते म्हणाले, "चष्मा घाल आता. त्या पोरीला घ्या पाळण्यात, केवढी ताटकळलीया. आन काय ती नर्मदा म्हणतीया मेघना, ते सांग तिला."

कुंदाताईंनी चष्मा घातला, नीट खात्री करून बाळाच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "रेवा." लेक दचकली, डोळे विस्फारले, आणि रडायची थांबली. एका दिवसात दोनदा बारसं म्हणून बायकांनी कुंदाताईंना दुप्पट बडवलं.

दुपारी पाहुणे पांगल्यावर मी कुंदाताईंना एसटीला निघताना जिन्यापर्यंत सोडायला गेले. चप्पल घालताना त्या म्हणाल्या, "मेघना, हा चष्मा मला लांबचं बघायला लागतो. जवळचं दिसतं की. घरी तांदूळ निवडते मी चष्म्याशिवाय."

मी खांद्यावरची रेवा सावरली.

"मग वहिनींनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"वहिनी काय सांगतेय? कुणी काही सांगितलं नाही. पाळण्यात डोकं घातलं, दगड दिसला. म्हटलं, बरोबर आहे." आणि बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी रेवाला टाटा केलं.

दुसऱ्या दिवशी तेल लावताना मी वहिनींना विचारलं, की तात्यांना आधीच का नाही सांगितलंत.

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "आईला दिलेला शब्द मोडा म्हणू? मोडला न्हाई कुणी. ठेवलं की नाव." त्यांनी रेवाला पालथं घातलं. "नात म्हटली की हाका आल्या, रागावणं आलं, कधी धपाटा आला. त्यांचं नाव घेऊन मी पोरीला धपाटा घालू कशी? चटणी किती वाटली तरी 'अजून बारीक, अजून बारीक' म्हणायच्या गं त्या. समोर नुसत्या उभ्या राहिल्या तरी माझ्या हातातलं गळायचं."

"आणि वरवंट्याला रागावाल?"

"दगडाला काय लागतंय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा एक अगदी लहान मुलीचं हसू पाहिलं. मग रेवाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मला माहेरी सुली म्हणायचे. ते म्हणणारं आता कुणी न्हाई. चालायचंच. पण हाक मारायची चोरी नको बाई."

रेवा आता पहिलीत आहे. शाळा सुटायच्या वेळी वहिनी गॅलरीत उभ्या राहून तिला हाक मारतात, ती गिरणीच्या वरून जाऊन चौकापर्यंत पोचते, आणि रेवा तितक्याच मोठ्यानं ओ देते. नदीला दोघीही अजून दुसरीच म्हणतात. शाळेत बाईंनी कराडच्या नद्या विचारल्या तेव्हा रेवानं काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखालच.

तिचा धाकटा भाऊ पाळण्यात झोपलेला असतो. गिरणी चालू असेतो माझा वेळ माझा असतो, आणि तो किती असेल हे तात्यांवर आहे. कारण स्वयंपाकाच्या वेळी, मिक्सर शेजारी असून वहिनी पाटा धुवायला घेतात, आणि नेमका तेव्हाच खाली गिरणीचा पट्टा तापतो. तो थंड होईपर्यंत तात्यांना गिरणी बंद ठेवावी लागते. पट्टा तापलेला नसतो हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. दळणाला आलेल्या बायकासुद्धा डबे ठेवून गप्प बसून राहतात.

आत्ताही बंद झाली. फरशी थरथरायची थांबली, बाळानं डोळे उघडले, आणि मी एका हातानं पाळणा हलवते आहे. स्वयंपाकघरातून दगडावर दगड घासल्याचा आवाज येतोय, आणि त्याच्यावर वहिनींचा.

"सरक गं कृष्णाबाई. नीट फिर. अजून बारीक. अजून बारीक म्हणते ना मी."

तात्या जिन्यात येऊन उभे राहिलेत. "अगं, जरा हळू," ते खालून म्हणतात. "आई हाय ती माझी."

"ठाऊक हाय," वहिनी म्हणतात. "म्हणून तर."